आई भवानीला उलटा सवाल

आमच्या तुळजापुरात पुजाऱ्याच्या घरी लग्नापासून म्हशीपर्यंत सगळं कौल लावून ठरायचं. देव्हाऱ्यातल्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या माझे थोरले भाऊ विष्णुपंत लावणार, सवाल मी विचारणार, ही घरची रीत.

एकसष्ट साली दादांची मुलगी, माझी भाची चारुशीला, मॅट्रिक झाली आणि औरंगाबादला कॉलेजात जाते म्हणाली. वहिनी गेल्यापासून तिला मीच वाढवलेली. दादा म्हणाले, शुक्रवारी कौल लावू, आई म्हणेल तसं.

चारूनं कॉलेजसाठी मागून आणलेल्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा होता. तिनं शिवायच्या आत मी वाचून काढला. नाणं फेकलं तर छापा नाहीतर काटा, म्हणजे अर्धं-अर्धं. पण खाली बारीक अक्षरात होतं, की दोन्हींना सारखी संधी असेल तरच. ते मला लगेच पटलं. घरात दोन वाट्या सारख्या असतात, म्हणून भावाबहिणीला तूप सारखं पडतं होय?

मग दादा देवळात गेले की मी कौल लावून बघायला लागले. उगाच देवीला छळायचं नाही म्हणून खरेच सवाल विचारले. पिठलं करू का? शेजारची शेळी आज व्यायची का? चाळीस वेळा विचारलं, एकतीस वेळा डावी पडली. त्या आठवड्यात आमच्याकडं पिठलं झालंच नाही. देव्हाऱ्यातला पाट डावीकडं कलला होता.

म्हणून शुक्रवारी मी सवालच उलटा केला. हात जोडून म्हटलं, "आई, चारूनं घरीच राहावं का?"

टपकन उजवी पडली.

चारू रडायला लागली. मी मनात एकतीसातून नऊ वजा करत बसले. दादांचा चेहरा मात्र पोरीपेक्षा पडलेला.

"शामे, सवाल उलटा का केलास?"

"पाट डावीकडं कललाय म्हणून."

दादांनी पाटाखाली बोट घातलं आणि डाव्या पायाखालून सुपारीचं खांड काढलं.

"काल मीच घातलं, उजवी पडावी म्हणून," ते म्हणाले. "मी धाडली तर भाऊबंद बोलतील. आईनं धाडली तर कोण बोलतंय?"

मग पाण्यानं भरलेली ताटली ठेवून आम्ही दोघांनी पाट सपाट केला. नव्या पाकळ्या, सवाल सरळ. चारूनं जावं का? पाकळ्या हलेचनात. घड्याळात साडेनऊ झाले, औरंगाबादची एस.टी. दहाची.

"पुस्तक काय म्हणतंय?" दादांनी हळूच विचारलं.

"दोन्ही नाही पडल्या तर काय, ते दिलेलं न्हाय."

"आई नाही म्हणाली का?"

"अजून तरी न्हाय."

दादांनी चारूची भरून ठेवलेली ट्रंक खांद्यावर घेतली.

संध्याकाळी दिवा लावताना डावी पाकळी पडली. मी ती पदराच्या टोकाला बांधली आणि चुलीवर पिठलं टाकलं.