पेपरातलं एकच नाव

"निदान मिसेस तरी लावायचं! नुसतंच ओझेला टर्नर. जशी काही कुणाची गाय हरवलीय."

आमच्या चर्चची सिस्टर ओझेला केस करून घ्यायला माझ्या खुर्चीत बसून पेपराशी भांडत होती.

"कान धर," मी म्हटलं. तिनं कानाची कड खाली दुमडून धरली आणि मी कुरळे केस सरळ करायची तापलेली लोखंडी फणी मुळापासून ओढली. चुर्र झालं, धूर निघाला. शनिवारी माझ्या पुढच्या खोलीला हाच वास असतो.

आमच्या मिसिसिपीत काळ्या बाईच्या नावाआधी पेपरवाले मिसेस लावत नाहीत, हे तिला एकसष्ट वर्षांत कळलं नव्हतं असं नाही. पण माणसाला भांडायला काहीतरी लागतं. मतदार यादीसाठी अर्ज केला की नाव-पत्ता लागोपाठ दोन आठवडे छापायचा, असा कायदा आहे. मालकांची सोय होते. पहिला पेपर आला आणि दुसऱ्या दिवशी ओझेलाची एकोणीस वर्षांची स्वयंपाकाची नोकरी गेली. गोऱ्या बाईनं एप्रन तेवढा आठवणीनं मागून घेतला.

आज दुसरा पेपर आला होता.

"यातही तुमची नावं नाहीत," ओझेला म्हणाली. "गेलो चौघी, छापली एक. मोजता येत नाही का मेल्यांना?"

"कापूस तेवढा मोजता येतो त्यांना," खिडकीशी टॉवेलांच्या घड्या घालत वर्डी म्हणाली. आम्ही हसलो, दाराशी बसलेली एस्टेलसुद्धा. जरा जास्तच वेळ हसलो.

अर्जासाठी कोर्टात एकेकालाच आत घेतात, घटनेचं कलम देऊन त्याचा अर्थ लिहायला लावतात. त्या दिवशी ओझेला पहिली गेली. मी, वर्डी आणि एस्टेल बाहेरच्या बाकावर बसलो. घटनेची कलमं आम्ही याच खोलीत, पडदे ओढून, पाच महिने पाठ केली होती. मग शेरीफचा माणूस आला. ओरडला नाही, काही नाही. एस्टेलला विचारलं, "नवरा कुठं कामाला?" तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि तिथंच उभा राहिला. थोड्या वेळानं वर्डी म्हणाली, चुलीवर वाटाणे राहिलेत. वाटाणे कुणीच ठेवले नव्हते.

दोन तासांनी ओझेला बाहेर आली तेव्हा आम्ही गाडीत बसलो होतो. "आमचं दुसऱ्या खोलीत उरकलं," असं सांगितलं. कुणी सांगितलं ते आठवत नाही. मीच असेन.

रविवारी ती चर्चमध्ये सगळ्यांसमोर देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभी राहिली. "आम्ही चौघी ताठ मानेनं आत गेलो," म्हणाली. सगळं चर्च उभं राहिलं. आम्हीही उभ्या राहिलो, टाळ्या घेतल्या. तेव्हापासून मला काही वाटेनासं झालंय. जेवते, झोपते, फणी तापवते.

"सोमवारी निकाल विचारायला जायचंय," ओझेला म्हणाली. "म्हणून तर केस करून घेतेय. चौघी एका रांगेत आत जाऊ. एकटीला बघून त्यांनी काय केलं असतं कुणास ठाऊक. तुम्ही होतात मागं, म्हणून धीरानं लिहिलं मी."

"सोमवारी माझा गुडघा..." एस्टेल म्हणाली आणि थांबली.

"गुडघ्याला काय धाड भरलीय? त्या दिवशी बरा चालला की!"

वर्डीनं घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घातला. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी एक बट उचलली, केसांचं पोमेड मलम लावलं, फणी फिरवली. मानेवरचे केस राहिले होते. तिनं हनुवटी छातीला टेकवली, न सांगताच. इतकी वर्षं मान देतेय ती माझ्या हातात.

फणी मी चुलीवर ठेवून दिली.

"ओझेला, आम्ही आत गेलोच नाही. तू आत होतीस, आणि आम्ही बाकावरून उठून पळालो."