मोती वाजत नाही

मेटल डिटेक्टर स्वस्तातला, शिकाऊ लोकांसाठीचा होता. पण काकांनी त्याची माहितीपुस्तिका धर्मग्रंथासारखी वाचली. जन्म ग्रंथालयात गेलेला, दुसरं काय करणार?

पुस्तिकेत सांगितलं होतं: आधी अंगणात ओळखीच्या वस्तू पुरा, खुणेला काड्या रोवा आणि एकेका धातूचा आवाज कानात बसवा. काकांनी खिळा पुरला, चमचा पुरला, नाणं पुरलं. राहिलं सोनं. घरात सोनं म्हणजे काकूंच्या आईची मोत्याची अंगठी, काकूंचं बोट सुजल्यापासून कपाटात पडून असलेली. दोन दिवसांचाच तर प्रश्न! आणि बायकोला विचारायचं म्हटलं, की काकांची जीभ टाळूला चिकटायची. अंगठीही जमिनीत गेली.

दुसऱ्या दिवशी खिळा खरखरला, चमचा किणकिणला, नाणं ठणठणलं. चौथ्या काडीपाशी यंत्र मुकं.

काकांनी बटणं फिरवली, बॅटरी बदलली. शेवटी हातांनी उकरलं. नुसती माती.

“काय शोधताय?” काकू दारात उभ्या होत्या. “माती मात्र झकास भुसभुशीत केलीत हं! त्या कडेची काढून शेजारच्या शिंपीणबाईंना गुलाबाची कुंडी भरून दिली. तुमची काडी होती तिथेच रोवली, काळजी नको.”

“अगं... त्या मातीत अंगठी होती.”

“कुठली?”

“आईंची.”

काकू मटकन पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोघं डिटेक्टर घेऊन शेजारी पोहोचले, तशी शिंपीणबाईंनी शिवणयंत्र थांबवलं. “काका, माझ्या कुंडीत बॉम्बबिम्ब आहे की काय?” त्या हसल्या. काकूंचा चेहरा पाहून हसू विरलं.

काकांनी यंत्राची चकती कुंडीवर धरली. यंत्र किंचाळलं! पुस्तिकेतलं पहिलंच पथ्य होतं: वस्तूच्या बाजूने खणा, वरून कधीच नाही. काकांनी खुरपं घेतलं आणि आनंदाच्या भरात सरळ वरून खुपसलं.

कच्च.

अंगठी वर आली ती चेपून. मोत्याच्या जागी रिकामं कोंदण.

काकांनी घाईघाईने चकती पुन्हा मातीवर फिरवली. शांत.

“मोती वाजत नाही,” ते पुटपुटले.

“पुस्तकात नव्हतं का हे?” काकूंचा आवाज ओळखू येईना.

“होतं.”

शिंपीणबाईंनी पांढरं कापड अंथरलं आणि कुंडी त्यावर उपडी केली. काकू बसल्या आणि चिमटीचिमटीने माती सरकवू लागल्या. काका समोर टेकले. प्रत्येक खडा त्यांना मोती वाटत होता आणि ते तो उचलायला झेपावत होते.

“हात लावू नका,” काकू म्हणाल्या.

काकांनी हात मागे घेतले. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, काकूंनी कापडाचा एक कोपरा त्यांच्याकडे ढकलला.

“एवढीच बघा. आणि हळू.”