सुईच्या टोकापर्यंतचं पाणी

मित्रांनो, तलावाच्या बांधावर लाकडी चौकटीवर बसवलेली एक गोल, पसरट टाकी कधी पाहिली असेल, तर ती मीच. लोक मला बाष्पमापक टाकी म्हणतात. नाव भारदस्त, रूप मात्र कपडे भिजवायच्या टबासारखं!

कारखान्यात पत्र्यातून मला घडवलं, पोटात एक सुई उभी केली आणि तिच्या टोकापर्यंत पाणी भरलं. ऊन आणि वारा त्या पाण्याची वाफ करून नेत. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा टोकाला टेकेपर्यंत किती मापं ओतावी लागली, ते वहीत लिहायचं. त्यावरून समोरच्या तलावातलं किती पाणी उडालं, याचा अंदाज बांधत. उडालेलं पाणी नाहीसं होत नाही. उंच, गार हवेत त्याचे बारीक थेंब होतात, थेंबांचे ढग होतात, ढगांतून पाऊस पडतो; तो जमिनीत मुरतो, नद्यांतून वाहतो, समुद्राला मिळतो आणि पुन्हा वर जातो. पण आपल्या तलावातून गेलेलं पाणी आपल्याच तलावात, आपल्या गरजेला परत येईल याची खात्री नसते. म्हणून तर माझ्यासारखीची गरज.

माझी मोजणी करणाऱ्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. तीस वर्षांत त्यांचा एक दिवस चुकला नाही. साहेबलोक त्यांच्या वहीचं कौतुक करत, तेव्हा मलाही फार अभिमान वाटे.

मग तो कडक उन्हाळा आला. तलाव आटत मधोमध गेला आणि भोवती चिखल उरला, तो इतका खोल की पाखरांना पाण्याकाठी उतरता येईना. ती माझ्यावरच्या तारेच्या जाळीला चोची मारत. तिसऱ्या दिवशी काकांनी जाळी काढून ठेवली. पाखरं मनसोक्त प्यायली, पंख फडफडवून न्हाली. काका रोज जास्तीची मापं ओतत आणि वहीत जशीच्या तशी लिहीत. मापं खरी होती, म्हणून त्यांच्या मनाला काही टोचलं नाही.

पंधरा दिवसांनी त्यांची लेक कडेवर तान्हं बाळ घेऊन बांधावर आली.

"बाबा, नळाला आता चार दिवसांनी पाणी येतंय. तुमच्याकडे एक कॅन तरी भरून मिळेल?"

"पाणी फार उडतंय गं. वरूनच हुकूम आहे, जपून सोडायचं."

"पण उडतंय हे त्यांना कळलं कसं?"

काका माझ्याकडे वळले. एक साळुंकी काठावर बसून खुशाल पाणी उडवत होती. काकांचा चेहरा पडला. पाखरांनी संपवलेलं पाणीही वहीत उन्हाने उडालेलं म्हणून चढलं होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

ते तसेच पाणीखात्याच्या तरुण इंजिनिअरबाईंकडे गेले. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः बांधावर आल्या.

"काका, दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार. जाळी काढल्याचं लेखी दिलंत तर सेवेवर डाग पडेल."

"पडू दे, बाई. माझ्या चुकीपायी अख्खं गाव तहानलंय."

माझ्याच काठावर कागद ठेवून त्यांनी लिहून दिलं. बाईंनी नव्याने हिशेब केला आणि पाणी पुन्हा दिवसाआड सुरू झालं. काकांच्या निरोपाला मात्र कुणी मोठा साहेब आला नाही. जाण्याआधी त्यांनी माझी जाळी घट्ट बांधली आणि दूर झाडाखाली पाखरांसाठी एक पसरट मडकं ठेवलं.

आता माझ्या जागी आपोआप मोजणारं यंत्र आहे. माझ्या बुडाला भोक पडलंय, पाणी टिकत नाही. तरी एवढं सांगते, मित्रांनो. पाणी जपा, आणि त्याची मोजणीही तितकीच जपा. माझं पाणी ढगात गेलं की चोचीत, हे माझ्या सुईला कधीच सांगता आलं नसतं. ते एका म्हाताऱ्या माणसाला आपल्या तोंडाने सांगावं लागलं.