कंपनीचाच क्लच

क्लच बदलला, असं मी सांगितलं होतं. बदलला नव्हता.

कारण फालतू होतं. प्रीतम, माझ्या बहिणीचा नवरा, माझ्याच गॅरेजमध्ये चार लोकांसमोर म्हणाला, "जमत नसन तं सांग गा हेमराज, पुण्याहून माणूस बोलावतो." त्याला गाडीत नायट्रस हवं होतं. डिक्कीत गॅसचा सिलिंडर, तिथून इंजिनापर्यंत नळी. बटण दाबलं की इंजिनाला एकदम दीडपट जोर. पण तो जोर चाकांपर्यंत क्लचनं न्यायचा असतो, आणि कंपनीचा क्लच आजोबांना दवाखान्यात नेण्यापुरता बनवलेला असतो. मी जाड क्लच मागवला. आला, तर त्याचे दाते आमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसेनात. रविवारची दौड तोंडावर. मी जुनीच प्लेट परत घातली, नट आवळले आणि "झालं" म्हणालो. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बंद असतो. कोण बघतंय?

मला दिसत होता. जेवतानासुद्धा.

ज्याच्याकडे मी काम शिकलो त्या कवडू मिस्त्रीच्या डाव्या पायाला दोनच बोटं आहेत. क्लच घसरला, तापला, प्रेशर प्लेट फुटली आणि तुकडे पत्रा फाडून वर आले. ड्रायव्हरचे पाय नेमके तिथेच असतात. बाजूला बसणाऱ्याचेही लांब नसतात.

रविवारी दुपारी दोनला आम्ही बुटीबोरीत, एका बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर होतो. मे महिन्यात त्या वेळी तिथे कुत्रंही फिरत नाही, म्हणून ती वेळ. शेचाळीस डिग्री. व्हिडिओतले गोरे लोक सिलिंडरला गरम ब्लँकेट गुंडाळतात. मी ओलं पोतं गुंडाळलं होतं, कारण गॅस जास्त तापला की दाब वाढतो आणि इंजिन हिशेबापेक्षा जास्त उसळतं. डिक्की उघडली, तर पोतं नव्हतं.

"पोतं कुठी हाय बे?"

"काढलं. स्पीकर ओले होऊन राहिले होते."

दाबाचा काटा लाल पट्टीत होता.

"थंडा होऊ दे मंग सिलिंडर."

"या उन्हात? दिवाळीले येऊ का?" प्रीतम हसला.

तेवढ्यात हर्षानं, माझ्या बहिणीनं, दुपट्टा डोक्याला बांधला आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसली. नवऱ्याची पहिली दौड, ती मागे कशी राहील?

इथे बोलायचं होतं. एकच वाक्य. ते निघालं नाही.

"तू उतर वं. मी बसतो."

"काहून?"

"इंजिनचा आवाज ऐकाचा हाय मले."

कुरकुरत उतरली. पर्समधला कांदा काढून माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. "ऊन लागलं तं मले नको सांगू."

खरं तेच लिहितो. पाय तुटला तरी चालेल, पण खोटं उघडं पडायला नको, असा माझा विचार होता. लाज ही अशी हरामखोर चीज आहे. शिवाय माझ्याकडे एक चोरवाट होती. गॅस सुरू करायचा लाल स्विच मी बाजूच्या सीटसमोर बसवला होता. तो चालू नसेल तर प्रीतमनं बटण दाबूनही गॅस येत नाही, आणि तो मी दाबणारच नव्हतो. गॅस नाही आला की प्रीतम मला शिव्या देईल, संपलं. दार लावलं, हात पुढे घातला. तिथे नुसतं भोक.

"स्विच?"

"इकडे घेतला, साळेबुवा. तुमचा भरवसा नाही."

स्टेअरिंगच्या डावीकडे तोच लाल स्विच, दिवा पेटलेला, म्हणजे चालू.

गाडी सुटली. पहिला, दुसरा. तिसऱ्यात त्यानं बटण दाबलं. माझी पाठ सीटमध्ये रुतली. एक क्षण सगळं धरून होतं. मग इंजिन किंचाळायला लागलं. आरपीएमचा काटा सहा हजारांच्या पुढे, सातकडे. वेगाचा काटा मात्र होता तिथेच. क्लच घसरत होता. केस जळाल्यासारखा वास आला. तळव्यांखाली पत्रा थरथरत होता. मी पाय उचलून सीटवर घेतले. प्रीतमचे पाय खालीच होते, साध्या सँडलमध्ये.

"भाग रही है बे!" तो ओरडला.

"पाय काढ!"

"घाबरला का गा?" त्यानं आणखी दाबला.

"क्लच जुना हाय! नाही बदलला मी! खोटं बोललो! पाय काढ, प्रीतम, फुटते तो!"

त्यानं रस्ता सोडून माझ्याकडे पाहिलं. त्याचा पाय उचलला गेला. इंजिनाचा आवाज खाली आला आणि त्याच वेळी खालून काहीतरी पत्र्यावर धाडकन आदळलं. मी डोळे मिटले. गाडी घरंगळत गेली आणि थांबली.

प्रीतमनं सँडल काढून पायाची बोटं हलवून पाहिली. पाचही हलली. मग दुसरा पाय. पेडलखालच्या मॅटला मुठीएवढा उंचवटा आला होता. पत्रा फाटला नव्हता. फाटायचाच राहिला होता.

हर्षा उन्हातून पळत आली. प्रीतमनं तिला दोन वाक्यांत सांगितलं. मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

ती उंचवट्याकडे बघत राहिली.

"दादा, मी उतरलीच नसती तं? तं सांगतलं असतं का?"

"सांगतलं असतं," मी म्हणालो.

"आता तरी खोटं नको बोलू."