लोहारबाबांचा छत्तिसावा फोटो

मी एक जुना कृष्णधवल फिल्मचा रोल आहे. भर दुपारी, एका भल्या माणसाच्या हातून मी उजेडात उघडा पडलो आणि माझा निकाल लागला. पण मित्रांनो, ते झालंच नाही असं समजा. मीही तसंच समजून सांगतो.

माझा जन्म मिट्ट काळोखात झाला. ज्या बाईंनी मला गुंडाळून डबीत भरलं, त्यांनाही मी कधी दिसलो नाही. अशा वळणात वाढल्यामुळे मला उजेडाची भयंकर भीती. काम मात्र उजेडाचंच! सेकंदाचा साठावा भाग तो सोसायचा, की पुन्हा अंधार.

दुकानाच्या खणात रंगीत रोल मला ‘सुतकी’ म्हणत. त्यामुळे एका मुलीने मलाच उचललं तेव्हा मी फुशारलो. मग कळलं, ती लोहाराची मुलगी. माझे धाबे दणाणले. आम्हाला साधं ऊन सोसत नाही, आणि ही मला भट्टीपुढे नेत होती.

लोहारबाबांना मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरांनी भट्टी बंद करायला सांगितली होती, आणि आज शेवटचा दिवस. भट्टीच्या उजेडातला बाबांचा चेहरा मुलीला हवा होता. उद्या तो उजेडच नसणार होता.

“रंगीत का नाही आणलास?” बाबा म्हणाले. “अगं, रंगावर तर आमचं सगळं. लाल दिसलं की परत आत, पिवळं झालं की हाण.”

“रंगीतमध्ये सगळं नारिंगी येतं, बाबा. तुम्ही गाजर दिसाल.”

“आणि यात?”

“यात तुम्ही दिसाल.”

बाबांनी सळई बाहेर ओढली. ठिणग्या उडाल्या. कॅमेऱ्याच्या पोटात मी जीव मुठीत धरून बसलो. मूठ नव्हती, तरीही. मुलगी मात्र एकेक पाऊल पुढेच! पस्तीस वेळा मी ‘आता संपलो’ म्हणालो. छत्तिसाव्या वेळी सळई बाबांच्या तोंडासमोर आली. पिवळी असावी, मला काय कळणार? मला दिसल्या सुरकुत्या, भुवईची करपलेली टोकं, आणि पाहुणा निघताना बघावं तसे सळईकडे बघणारे दोन डोळे.

मुलगी हाताची काजळी धुवायला आत गेली. मला परत डबीत गुंडाळायचं राहिलं होतं.

बाबांनी कॅमेरा उचलला. माल तयार झाला का, हे लोहार कसं बघतो? बाहेर काढून! पन्नास वर्षांची सवय. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. फिल्मचं कोण ऐकतं?

“बघू, झालंय का,” बाबा म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं.

मला धुतलं तेव्हा आतल्या वेढ्यातले आठ फोटो वाचले: ऐरण, चिमटा, बाबांची पाठ. छत्तिसावा सगळ्यात बाहेर होता. तो कागदावर नुसता पांढरा आला. बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ.

“पांढरं म्हणजे जळालं,” ते म्हणाले. “मीच जाळलं ना गं?”

“छे हो बाबा,” मुलगी म्हणाली. “रोलच जुना होता.”

मी जुना नव्हतो, मित्रांनो. आठवड्यापूर्वीचा होतो. पण तिने तसं म्हटल्यापासून जुनाच आहे.

सबब संबंधित अधिकाऱ्यांना नम्र विनंती की, कॅमेऱ्याचं झाकण उघडताना सर्वांनी काळजी घ्यावी, आणि सदर दुपारचा सेकंदाचा साठावा भाग, भट्टी पेटलेल्या स्थितीत, अर्जदारास परत मिळावा.