काटा तळाला

"वहिनी, धुक्यात काही दिसत नाहीये, पण होकायंत्र आहे. नेहमीच्याच वाटेनं आत येतो," भाऊजींचा आवाज रेडिओतून स्वच्छ आला. बंदराच्या तोंडाशी गाळ काढणारं मोठं लोखंडी बार्ज उलटून आडवं पडलं होतं. धाकटा दीर होडीत एकटा, आणि होडी सरळ त्या लोखंडावर येणार!

"भाऊजी, येऊ नका! बाहेरच थांबा!"

"वहिनी, अगं कुणी आहे का तिथे?"

परत तेच. मला ते ऐकू येत होते, कारण ऐकायचा रेडिओ वेगळा, त्याची तार वेगळी. माझं मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. रेडिओची हौस यांची, परवाना काढायला लावला मला, आणि आज नेमके हेच बार्ज हलवायला बंदरावर दोर ओढायला गेलेले! बोलायचा सेट आणि छतावरची तार यांचं जमवून देणारा एक डबा असतो, ट्यूनर. जमलं नाही की पाठवलेली शक्ती माघारी येते आणि त्यावरच्या मीटरचा काटा वर चढतो. माझा काटा तर तळाला चिकटलेला. इतकं छान जमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग मेलं जातंय कुठे सगळं?

"अगं, जळका वास कसला येतोय?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

ट्यूनरला हात लावला तर चटका बसला. माझं डोकंच फिरलं. सकाळी सेट तपासताना यांनी ट्यूनर 'डमी'वर ठेवला होता आणि तसाच सोडला होता. डमी सगळी शक्ती आतल्या आत गिळून तापते, बाहेर काही जाऊ देत नाही, आणि काटा खूश. इतका वेळ मी एका डब्याला ओरडून सांगत होते!

खटका फिरवून तार जोडली. काटा टुणकन वर. पूर्ण शक्तीवर जुळवायला गेलं की आत ठिणग्या पडतात, म्हणून शक्ती कमी केली आणि दोन्ही बटणं फिरवायला लागले. एक जमलं की दुसरं बिघडे. मध्येच बटण सोडून कान दिला तर भाऊजी म्हणाले, "बंदराचा भोंगा ऐकू येतोय. आलोच."

शेवटी काटा उतरला. शक्ती वाढवली. "भाऊजी, बार्ज आडवं पडलंय! वळा! आत येऊ नका, वळा!" मी बोलतच सुटले. माइकचं बटण दाबलेलं असेपर्यंत ऐकायचा रेडिओ मुका असतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच सोडवेना. सोडलं आणि पलीकडे कुणीच नसलं तर?

"अगं, त्याला बोलू दे," म्हणत सासूबाईंनी माझा अंगठा बटणावरून उचलला. त्यांचा हात गारठलेला होता.

नुसती खरखर. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले.

"वळलो, वहिनी. कधीचा बोंबलतोय, तू थांबशील तर ना!" भाऊजी हसायला गेले, पण त्यांना हसू जमलं नाही. "हात बाहेर काढला असता तर लोखंडाला लागला असता."

सासूबाई खाली बसल्या. मी बटण दाबलं, "भाऊजी, आता बाहेरच थांबा," एवढंच सांगितलं आणि लगेच सोडलं.