चाकातला भार

मी घोडागाडीचं चाक आहे, सबंध लोखंडाचं. चाक बोलायला लागलं म्हटलं की लोकांना कुरकुरच आठवते. मी कुरकुरणाऱ्यांतला नाही. मला प्रश्न मात्र फार पडतात, कारण मी जन्मलो तोच एका प्रश्नातून.

ज्यानं मला घडवलं त्याला लोहारशाळेत सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. त्याचा ऐन विशीतला धाकटा भाऊ भाता ओढायचा, घण घालायचा. शाळेत तो जेमतेम अक्षरं जुळवण्यापुरता गेला होता. हात झपाझप चालायचे, आणि तोंड हातांच्याही पुढे.

दादाला एकच खूळ होतं. लाकडी चाकात गाडीचं वजन जमिनीकडच्या आऱ्यावर उभं राहतं, माणूस पायावर उभा राहावा तसं. म्हणून आरे जाडजूड, म्हणून चाक जड, म्हणून घोडा दमतो. दादा विचारायचा, वजन उभंच राहिलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? वरून टांगलं तर?

धाकटा हसला. तेव्हा दादानं एक बारीक सळई त्याला दिली आणि जमिनीवर टेकवून वरून दाबायला सांगितली. सळई मुडपली. मग तसलीच दुसरी घेतली, एक टोक स्वतः धरलं आणि म्हणाला, "आता ओढ." ऐरणीच्या ओंडक्याला पाय लावून दोघं भाऊ लालबुंद होईस्तोवर ओढत राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून दादाच्या बायकोनं, वहिनीनं, विचारलं, तुमच्यातला बैल कोणता ते ठरलं का? सळई होती तशीच सरळ होती.

"बघितलंस? दाबलं की वाकते, ताणलं की टिकते," दादा म्हणाला. "मी ताणाचं चाक करणार."

तो मी. लोखंडी पट्टी तापवून वाकवली, तिची टोकं एकमेकांवर चढवून पांढरी होईपर्यंत तापवली आणि घणाखाली एकजीव केली. ते माझं कडं. मधोमध ओतीव तुंबा, आणि तुंब्यातून कड्यापर्यंत गेलेल्या सळया म्हणजे माझे आरे. प्रत्येकाच्या टोकाला आटे पाडून नट बसवला. निम्मे आरे तुंब्याच्या बाहेरच्या अंगाला आणि निम्मे आतल्या अंगाला बांधले, म्हणजे घोडा डुलत चालला तरी मी कलायचो नाही. मग मला भिंतीच्या खुंटीला अडकवून दादा छोट्या हातोडीनं एकेक आरा वाजवी. ताणलेला आरा टणकन बोलतो, सैल आरा बद्द. सगळे एका सुरात आले की काम झालं.

गाडी बांधत होता एक म्हातारा सुतार. माणसाकडेही माप घेतल्यासारखा बघायचा, म्हणून त्याला सगळे फुटपट्टी म्हणत. गाडी होती दवाखान्याची, अडलेल्या बायांना घेऊन यायला. मला बघून त्यानं विचारलं, हे चाक आहे की चाळणी? तरी त्यानं संधी दिली. भरल्या गाडीखाली ही चाकं टिकली तर ठीक, नाहीतर त्याची लाकडी चाकं लागतील आणि आम्ही भंगारात.

मी तयार झालो. माझा जोडीदार व्हायचा होता, आणि दादाला छातीचा ताप भरला. तो उठलाच नाही.

माणसांचं मला नवल वाटतं. भेटायला आलेला प्रत्येक जण थंड ऐरणीला हात लावून जायचा. सगळे हळू बोलायचे, जणू दादा झोपलाय आणि त्याला जाग येईल.  धाकटा थंड लोखंडावर घण घालत बसायचा, ज्यानं काहीएक घडत नाही. वहिनी त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि भरलेलंच उचलायची. फुटपट्टीनं निरोप धाडला की घाई नाही. तो ऐकून धाकटा उठला आणि त्यानं तडक पट्टीच कापायला घेतली.

माझ्या कड्याला पट्टी लावून लावून त्यानं माझा जोडीदार घडवला. सांधा जरा ओबडधोबड आला, पण गोलाई बरोबर होती. दोघांना गाडीला लावलं. फुटपट्टीनं वाळूची पोती चढवली.

मग धाकट्यानं हातोडी घेतली आणि माझे आरे वाजवायला लागला. खालचे आरे बद्द वाजले. त्याचा चेहरा उतरला. त्यानं ते आवळले. गाडी थोडी पुढे ढकलली, तर नवे खाली आलेले बद्द. तेही आवळले. पुन्हा पुढे, पुन्हा बद्द. सबंध फेरा झाला, दुसरा झाला, आणि पाना काही थांबेना. माझं अंग ठणकत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मलाही कळत नव्हतं की चुकतंय काय.

शेवटी माझा वरचा एक आरा आट्यापाशी ताडकन तुटला.

धाकट्यानं पाना भिरकावला आणि मातीतच बसला. "दादाचं चाक मोडलं मी. एक राहिलं होतं त्याचं, ते पण."

फुटपट्टी थट्टा विसरला. हळूच म्हणाला, उद्या लाकडी लावू, जा, जेवून घे. वहिनी बाहेर आली होती. ती तुटलेल्या आऱ्याकडे बघत म्हणाली, "भाऊजी, तुमचे दादा म्हणायचे, भरल्या गाडीखाली आरे कधी वाजवायचे नाहीत. खुंटीला लावून वाजवायचे."

"का पण?"

"ते मला नाही सांगितलं."

धाकटा उठला. त्यानं पोती उतरवली, खालचा एक आरा वाजवला. टण. "वहिनी, तू जरा वर बस." ती बसली. बद्द. उतर म्हणाला. टण. बस, उतर, बस, उतर. फुटपट्टी म्हणाला, अरे, घरच्या बाईला झोके देतोस काय? पण तोही वाकून कान लावून बसला होता. धाकट्यानं वरचा आरा वाजवला. वहिनी बसली की तो आणखी चढा बोलायचा.

"सैल नाहीत हे," धाकटा म्हणाला. "वरच्यांनी भार धरलाय, म्हणून खालचे विसावलेत. टांगलंच की दादानं." आणि तो रडायला लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्यानं आम्हाला उतरवलं, खुंटीला लावलं, सगळे आरे सोडून पुन्हा सुरात आणले. तुटल्याजागी स्वतः घडवलेला आरा बसवला. फुटपट्टीनं पुन्हा पोती चढवली, शिवाय स्वतः वर बसला, आणि दगडगोट्यांच्या रस्त्यावरून घोडा पळवला. परत आल्यावर त्यानं आपली लाकडी चाकं मुकाट्यानं दुसऱ्या गाडीसाठी उचलून नेली.

आता मी रोज धावतो. आत बाया कण्हतात, कोचमन त्यांना आलंच आलंच म्हणत खोटा धीर देतो, घोडा ऐटीत चालतो. माझा प्रत्येक आरा वर जातो, भार धरतो, खाली येतो, विसावतो. धाकटा लोहारशाळा चालवतो. लोक त्याला अजून सांगायला जातात, सावर, कंबर कस, घराकडे बघ. त्यांना माझी एक विनंती आहे. त्याचा आवाज तुम्हाला बद्द वाटला तर लगेच पाना काढू नका. सध्या तो खालच्या बाजूला आहे.